शाळेचे कागद घरात लावायचे कसे? दप्तरातल्या चिठ्ठीपासून शाळा सोडल्याच्या दाखल्यापर्यंत

जूनच्या मध्यावर शाळा उघडते आणि जुलै संपेपर्यंत घरात कागदांचा एक थर साचलेला असतो. फ्रीजवर वेळापत्रक, टीव्हीमागे फीची पावती, दप्तराच्या तळाशी चुरगळलेली पालकसभेची सूचना, देवघराच्या खणात आधार कार्डाची झेरॉक्स. मग एखाद्या सकाळी खाली रिक्षावाले काका हॉर्न देत असताना मूल सांगतं, की जन्मदाखल्याची प्रत आज द्यायचीच आहे, बाईंनी परवाच सांगितलं होतं.

आपल्याकडे कागद टाकून देणारी घरं फार नाहीत. बहुतेक घरांत सगळंच ठेवलेलं असतं आणि एकाच पिशवीत ठेवलेलं असतं. सहलीची संमतीपत्राची पट्टी चार दिवस लागते, फीची पावती वर्षभर लागते आणि शाळा सोडल्याचा दाखला नातवंडांच्या वेळीही लागू शकतो. हे तिन्ही एका पिशवीत आले, की दाखला चिठ्ठ्यांखाली बुडतो. म्हणून विषय, इयत्ता, फायलींचे रंग या भानगडीत न पडता कागद किती काळ लागणार आहे यावरून लावायचा. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

आधी फाइल विकत आणू नका

नव्या फायली आणल्या की त्या भरल्या जातात, आणि कचराही नीटनेटका लावून ठेवला जातो. आधी घरातले सगळे कागद एका जागी काढा. रविवारची दुपार पुरते. जमिनीवर चटई टाका, पंखा बंद ठेवा, आणि दोन मुलं असतील तर दोघांचे ढीग सुरुवातीपासून वेगळे करा. कपाट, गादीखालची जागा, आजीची ट्रंक, गाडीची डिकी, ऑफिसची बॅग, काही सोडू नका.

आता प्रत्येक कागद हातात घेऊन एकच प्रश्न विचारा: हा हरवला तर काय होईल? काहीच होणार नसेल तर रद्दी. या वर्षात शाळेशी बोलताना पंचाईत होईल असं वाटलं, तर तो वर्षाचा कागद. पुन्हा मिळवायला एखाद्या कार्यालयाची पायरी चढावी लागणार असेल तर तो कायमचा. चौथा ढीग हरवला तर जीव हळहळेल अशा गोष्टींचा: चित्रं, आईला लिहिलेलं पहिलं पत्र, बालवाडीतल्या हाताच्या पंजाचा ठसा. त्याचं काय करायचं ते नंतर बघू. आत्ता त्यात रमलात तर संध्याकाळ होईल आणि चटई तशीच राहील.

ढीग झाले की मगच दुकानात जा. नाशिकमध्ये शालीमार, मेन रोडच्या बाजूला एका फेरीत सगळं मिळतं. दर मुलामागे वीस कप्प्यांची एक डिस्प्ले फाइल, एक बॉक्स फाइल आणि चित्रांसाठी एक मोठं सपाट फोल्डर पुरे. डिस्प्ले फाइल घेताना मात्र माप बघा. ए-फोर आकाराची सगळीकडे दिसते, पण आपले जुने दाखले, शपथपत्रं, स्टँप पेपर त्याहून लांब असतात आणि त्यात दुमडून घालावे लागतात. फुलस्केप किंवा लीगल मापाची मागा. कप्प्यांचं प्लॅस्टिक हाताला जरा कडक असावं. मऊ, चिकट आणि वास मारणारं प्लॅस्टिक वर्षा-दोन वर्षांत झेरॉक्सची शाई ओढून घेतं, आणि कागद काढायला गेलं की अक्षरं प्लॅस्टिकला चिकटून येतात.

रोजचा कागद घरात शिरतो तिथेच संपवा

रोजच्या कागदांचा खरा त्रास असा, की आपण ते वाचतो आणि "नंतर बघू" म्हणून कुठेतरी ठेवतो. नंतर म्हणजे पुन्हा शोधणं, पुन्हा वाचणं. म्हणून दप्तर रिकामं करायची वेळ ठरलेली हवी. बूट काढले, हातपाय धुतले, डबा सिंकमध्ये गेला, की त्याच वेळी सूचनावही आणि सुट्टे कागद बाहेर. दप्तराचा एक कप्पा कागदांचाच ठेवा. पहिलीतल्या मुलालाही "चिठ्ठी पुढच्या कप्प्यात" एवढं आठवड्याभरात जमतं.

कागद उभ्याउभ्या वाचा. सही करायची असेल तर तिथेच करा आणि पट्टी लगेच दप्तरात परत घाला. तारीख असेल तर ती भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या दिवसाच्या चौकटीत लिहा: "पालकसभा ११ वा.", "रंगीत कपडे", "सहलीचे पैसे शेवटची तारीख". चौकटीत लिहून झालं की चिठ्ठीची गरज उरत नाही. पत्ता, यादी, नियम असं काही असेल तरच ती दाराजवळच्या क्लिपला लावा. क्लिप एकच ठेवा. दुसरी आली की पहिलीवरचे कागद महिनोन्‌महिने कोणी बघत नाही. रविवारी क्लिप रिकामी करायची.

दोघंही नोकरीला असतील तर दुपारी घरी आजी-आजोबा असतात किंवा सांभाळणाऱ्या मावशी. त्यांच्यावर निवड करायची जबाबदारी टाकू नका. दप्तरातून आलेलं सगळं एका ट्रेमध्ये ठेवायचं एवढंच त्यांनी करावं. पाहुणे येणार म्हणून घर आवरताना ट्रेमधले कागद उचलून कपाटात कोंबणारी व्यक्ती प्रत्येक घरात असते. तिच्याशी एकदा प्रेमाने बोलून घ्या.

हल्ली निम्म्या सूचना व्हॉट्सॲपवर येतात आणि तिथली गर्दी घरातल्या पिशवीपेक्षा वाईट असते. वर्गाच्या ग्रुपवर शिक्षकांची एक सूचना आणि खाली चाळीस "ओके मॅम". यावर साधा उपाय: फक्त आई आणि बाबा असा दोघांचाच वेगळा ग्रुप काढा, त्याला मुलाचं नाव द्या आणि कामाची सूचना तेवढी तिकडे ढकला. वेळापत्रक, परीक्षेचं टाइमटेबल, सुट्ट्यांची यादी यांची मात्र प्रिंट काढून भिंतीवर लावा. मुलाला फोन न मागता ते बघता आलं पाहिजे.

वर्षाची बॉक्स फाइल

या फाइलीचं आयुष्य जून ते मे. आत काय जाईल: फीच्या आणि बसच्या पावत्या, प्रवेशाच्या वेळी भरलेल्या अर्जाची प्रत, तपासून आलेल्या चाचणीच्या उत्तरपत्रिका, पहिल्या सत्राचा निकाल, आजारपणाच्या रजेचे अर्ज आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, स्पर्धांची प्रमाणपत्रं. कप्पे पाडायची गरज नाही. नवीन कागद वर येतो, जुना खाली जातो, तारखेचा क्रम आपोआप लागतो.

पावत्यांची थोडी जास्त काळजी घ्या. कार्ड मशिनमधून निघणारी गुळगुळीत पावती उष्णतेने छापलेली असते आणि काही महिन्यांत कोरी होते. ती मिळाल्याच दिवशी तिचा फोटो काढा किंवा झेरॉक्स करून घ्या. यूपीआयने पैसे भरले तर तो स्क्रीनशॉट पैसे गेल्याचा पुरावा आहे. शाळेची क्रमांक असलेली पावती वेगळी मागून घ्यायची. पालकांपैकी कोणी जुन्या करपद्धतीने विवरणपत्र भरत असेल, तर दोन मुलांपर्यंतच्या शिक्षण शुल्कावर वजावट मिळते. ती फक्त शिक्षण शुल्काची. बस, डोनेशन, गणवेश त्यात धरत नाहीत. म्हणून शुल्काचे प्रकार वेगवेगळे दाखवलेली पावती हवी.

उत्तरपत्रिका वार्षिक निकाल हातात पडेपर्यंत ठेवा. गुणांच्या बेरजेत फरक निघाला तर त्याच उपयोगी पडतात, आणि मूल कुठे अडतंय हे प्रगतिपत्रकातल्या श्रेणीपेक्षा त्यांत जास्त स्पष्ट दिसतं. गणित आणि भाषांच्या वह्या पुढच्या वर्षीच्या पहिल्या घटक चाचणीपर्यंत असू द्या. बाकीच्या वह्या मे महिन्यात निघाल्या तरी चालतील.

निकाल साधारण एक मेच्या आसपास लागतो. त्यानंतरचा पहिला निवांत दिवस फाइल उपसायला घ्या. प्रगतिपत्रक कायमच्या फाइलीत जाईल. पावत्या एका लिफाफ्यात घालून वर "२०२५-२६" असं लिहा आणि घरच्या हिशेबाच्या कागदांत ठेवा. बाकी बहुतेक रद्दी. बॉक्स रिकामा करून जूनसाठी तोच वापरायचा. दरवर्षी नवा बॉक्स घेतलात तर दहावीपर्यंत कपाटाचा एक खण त्यातच जातो.

कायमची फाइल: थोडे कागद, पण जपून

सगळ्या देशाचे पासपोर्ट आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापले जातात, आणि त्याच शहरात प्रवेशाच्या दिवसांत घरोघरी जन्मदाखला शोधला जातो. तेव्हा ही फाइल नीट लावा. पहिल्या कप्प्यात एक अनुक्रमणिका लिहून ठेवा: कप्पा क्रमांक, कागदाचं नाव, मूळ आहे की प्रत. मूळ कागद कुठे दिला असेल तर "अमुक तारखेला शाळेत जमा" अशी नोंद पेन्सिलीने करा.

पहिला मान जन्मदाखल्याचा. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशासह बहुतेक कामांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो. त्यांच्या बाबतीत यात चूक राहून चालणार नाही. बारशाआधी नोंद झाल्यामुळे दाखल्यावर बाळाचं नावच नाही, असंही बऱ्याच घरांत आढळतं. नोंदणीपासून पंधरा वर्षांपर्यंत नाव घालून घेता येतं. ते आत्ताच करून टाका. पंधरावं वर्ष नेमकं दहावीच्या धांदलीत येतं.

मग आधार. पाच वर्षांच्या आतल्या मुलाचं आधार बोटांच्या ठशांशिवाय निघतं. पाचव्या आणि पंधराव्या वर्षी ठसे आणि फोटो अद्ययावत करावे लागतात. अद्ययावत केल्याची पावती आधारच्याच कप्प्यात ठेवा. त्याच्या मागे शाळेने दिलेले क्रमांक: जनरल रजिस्टरचा म्हणजे शाळेच्या मुख्य नोंदवहीतला नंबर, यूडायस या सरकारी शाळा-नोंदणीवरचा कायमस्वरूपी शिक्षण क्रमांक, आणि अपार आयडी हा विद्यार्थ्याचा बारा अंकी ओळख क्रमांक. हे तिन्ही एका कागदावर सुवाच्य लिहून घाला. ऑनलाइन अर्ज भरताना यातला एखादा हटकून मागितला जातो.

लसीकरणाचं कार्ड, रक्तगटाचा रिपोर्ट, चष्म्याचा नंबर किंवा ॲलर्जीची नोंद एका कप्प्यात. प्रत्येक इयत्तेचं अंतिम प्रगतिपत्रक क्रमाने. शाळा बदलली असेल तर आधीच्या शाळेच्या दाखल्याची प्रत, दोन्ही बाजूंची. मूळ दाखला नव्या शाळेत जमा होतो, म्हणून देण्याआधीच चांगली रंगीत स्कॅन प्रत काढून घ्या.

प्रमाणपत्रांच्या बाबतीत मी जरा कठोर आहे. पैसे भरून बसायच्या ऑलिम्पियाडचं "सहभागाबद्दल" मिळालेलं चकचकीत प्रमाणपत्र मुलाला आवडत असेल तर वर्षभर भिंतीवर लावा, मे महिन्यात फोटो काढून सोडून द्या. शिष्यवृत्ती परीक्षेचं गुणपत्रक, शासकीय रेखाकला परीक्षांची एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट प्रमाणपत्रं, खेळाच्या अधिकृत स्पर्धांची प्रमाणपत्रं मात्र कायमच्या फाइलीत हवीत. रेखाकलेची श्रेणी आणि खेळातली कामगिरी यांचे दहावीला वाढीव गुण मिळतात, आणि ते मिळवायला शाळा ठरलेल्या मुदतीतच कागद मागते.

उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र यांना मुदत असते. ते या फाइलीत ठेवायचे असतील तर शेवटच्या कप्प्यात ठेवा आणि चिकटपट्टीवर संपण्याची तारीख मोठ्या अक्षरात लिहा.

काही गोष्टी टाळा. मूळ कागद लॅमिनेट करू नका. पुढे कोणाला त्यावर शिक्का मारायचा असेल किंवा मागे नोंद करायची असेल तर ते होत नाही, आणि प्लॅस्टिक काढायला गेलं की कागदाचा पापुद्रा निघतो. भोकं पाडू नका. जुन्या दाखल्यांत शिक्का आणि सही नेमकी कडेलाच असते. स्टेपलच्या पिना काढून टाका, कारण एका पावसाळ्यात त्या गंजतात आणि डाग आरपार उतरतो. फाटलेल्या कागदाला सेलोटेपही लावू नये. ती पिवळी पडते आणि खालची अक्षरं खाते. तसाच कप्प्यात सरकवून ठेवला तरी तो टिकतो.

आजोबांचा दाखला शोधून ठेवा

मुलांच्या कागदांच्या लेखात आजोबा कशाला, असं वाटेल. पण जातीचा दाखला आणि पुढची जात पडताळणी या कामांत सगळ्यात जास्त धावपळ याच कागदासाठी होते. अर्जदाराचं कुटुंब ठरावीक तारखेपूर्वी महाराष्ट्रात राहत होतं आणि त्याची जात तीच होती, हे दाखवावं लागतं. अनुसूचित जातींसाठी ती तारीख १० ऑगस्ट १९५० आहे, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. आज दहा वर्षांच्या असलेल्या मुलाचे वडील यांतल्या कुठल्याच तारखेआधी शाळेत गेलेले नसणार. म्हणजे पुरावा आजोबांचा किंवा पणजोबांचा, आणि तो बहुतेक वेळा त्यांच्या प्राथमिक शाळेतला.

नाशिक शहरातली बरीच घरं निफाड, सिन्नर, दिंडोरी, कळवण, पेठ, सुरगाणा अशा तालुक्यांतून आलेली. आजोबा गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले आणि दाखला कधी घेतलाच नाही, ही नेहमीची गोष्ट. दाखला नसला तरी शाळेचं जनरल रजिस्टर ही कायम जपायची नोंदवही असते. त्यातल्या नोंदीचा प्रवेश-निर्गम उतारा मागता येतो. जाताना आजोबांचं त्या वेळचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, जन्माचं अंदाजे साल आणि शाळेत घातल्याचं अंदाजे साल लिहून न्या. नाव घरी हाक मारतात तेच रजिस्टरात असेल असं नाही. आडनावाच्या जागी वडिलांचं नावच लावलेलं असतं, किंवा आडनाव वेगळ्याच पद्धतीने लिहिलेलं असतं. दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी टाळा. रजिस्टर कुलपात असतं आणि किल्ली गुरुजींकडे.

शाळेची नोंद मिळालीच नाही, तर तहसील कार्यालयात गाव नमुना १४ म्हणजे जुन्या जन्म-मृत्यू नोंदीची नक्कल मागता येते. लोक तिला कोतवाल बुकाची नक्कल म्हणतात. फार जुनी नोंद मोडी लिपीत असेल तर मोडी वाचकाकडून लिप्यंतर करून घ्यावं लागतं.

हे काम मूल पाचवी-सहावीत असताना करा. आजोबा हयात असतील तर शाळेचं नाव, गुरुजींचं नाव, कुठल्या वाड्यात वर्ग भरायचा, एवढं त्यांच्याकडूनच कळतं. मिळालेला उतारा एकाच मुलाच्या फाइलीत अडकवू नका. त्यासाठी "कुटुंब" अशी वेगळी फाइल करा आणि भावंडांना, चुलतभावांना प्रती द्या. एका घरातला वैध पुरावा सगळ्या भाऊबंदांच्या मुलांना उपयोगी पडतो. भाऊबंदकीतले बाकीचे वाद यासाठी थोडे बाजूला ठेवता येतात.

नावाची जुळणी

सगळे कागद समोर आलेच आहेत, तर जन्मदाखला, आधार, शाळेच्या रजिस्टरमधली नोंद आणि बँकेचं पासबुक शेजारी ठेवून नाव अक्षर-अक्षर ताडून बघा, मराठीतही आणि इंग्रजीतही. शर्वरीच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एकीकडे व्ही आणि दुसरीकडे डब्ल्यू, वडिलांच्या नावापुढे एका ठिकाणी "राव" तर दुसरीकडे नुसतंच नाव, आडनावात जास्तीचा ए. घरात हे क्षुल्लक वाटतं, पण संगणक ते दोन वेगळी माणसं समजतो. आधार आणि शाळेच्या नोंदीत नाव जुळलं नाही तर अपार आयडी अडतो, शिष्यवृत्तीचे पैसेही अडतात.

शाळेच्या नोंदीतली दुरुस्ती मूल त्या शाळेत शिकत असेपर्यंत तुलनेने सोपी असते. शाळा सुटल्यावर ती फार किचकट होते. दहावीच्या परीक्षेच्या अर्जावर जे नाव जातं तेच गुणपत्रिकेवर छापून येतं आणि जन्मभर पुरतं. म्हणून नववी संपण्याआधी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज देऊन हा विषय मिटवा. पोच घेतलेली अर्जाची प्रत फाइलीत ठेवायला विसरू नका.

फोनमधली दुसरी प्रत

कायमच्या फाइलीतला प्रत्येक कागद स्कॅन करा. गूगल ड्राइव्हमध्ये स्कॅनची सोय आहे, वेगळं ॲप लागत नाही. खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, गडद चादरीवर कागद सपाट ठेवा. ट्यूबलाइटखाली फोनची सावली पडते. मागची बाजू कोरी वाटली तरी बघा, शिक्का तिथेही असतो.

फाइलचं नाव स्कॅन करतानाच द्या: आधी साल, मग मुलाचं नाव, मग कागदाचं नाव. "२०२५ शर्वरी चौथी प्रगतिपत्रक" असं. सुरुवातीला साल असलं की यादी क्रमाने लागते. सरकारी संकेतस्थळांवर फाइल ठरावीक केबीच्या आत मागतात, म्हणून मुख्य कागदांची एक मोठी आणि एक लहान केलेली प्रत ठेवा. मुलाचा पासपोर्ट आकाराचा फोटो आणि पांढऱ्या कागदावरची सही याच फोल्डरमध्ये ठेवा. हे फोल्डर दोघांच्याही फोनवर उघडलं पाहिजे. एकाच्याच फोनवर असेल तर ती व्यक्ती नेमकी कसाऱ्याच्या घाटात, रेंज नसलेल्या ठिकाणी असते.

आधार कार्डाचा फोटो वर्गाच्या ग्रुपवर टाकू नका. कोणी मागितलं तर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क केलेलं आधार द्या, आणि तेही ज्याने मागितलं त्यालाच.

चित्रं, प्रकल्प आणि थर्माकोलचा किल्ला

आता तो चौथा ढीग. त्रिमितीय वस्तूंना घरात जागा नसते. किल्ला, ज्वालामुखी, काडेपेट्यांची आगगाडी शाळेतून परत आली की मुलाच्या हातात देऊन फोटो काढा, मग पंधरा दिवस शोकेसवर, नंतर निरोप. चमकी आणि थर्माकोल लावलेलं काहीही कागदांत ठेवू नका. चमकी वर्षानुवर्षं फाइलभर सांडत राहते.

चित्रांची निवड मुलानेच करावी. मेच्या सुट्टीत सगळी चित्रं जमिनीवर पसरा आणि फोल्डरमध्ये बसतील तेवढीच निवडायला सांगा. मुलं निर्दयपणे निवडतात, अडकतो आपण. मागच्या बाजूला पेन्सिलीने नाव, वय आणि कशाचं चित्र आहे ते लिहा. पांडवलेण्यांचा डोंगर म्हणून काढलेला तो त्रिकोण पाच वर्षांनी ओळखू येणार नाही. हस्ताक्षराचं एक पान जूनमधलं आणि एक एप्रिलमधलं, दर वर्षी तेवढं ठेवलं तरी खूप झालं.

पावसाळा, कसर आणि पूर

जून ते सप्टेंबर हा कागदांचा कठीण काळ. पावसाची झड बसणाऱ्या बाहेरच्या भिंतीला लागून कपाट असेल तर ते चार बोटं पुढे ओढा. फाइल लोखंडी कपाटात, खालचा खण सोडून, उभी ठेवा. बुटांच्या खोक्यांतून येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या चालतात. कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला ठेवायचा तर तो कडकडीत वाळलेला हवा. ओलसर पाला उलट बुरशी आणतो. लहान मूल असलेल्या घरात डांबराच्या गोळ्या नकोत, त्या तोंडात जातात. द्राक्षांची रिकामी खोकी नाशिकमध्ये फुकट मिळतात आणि मापाने छान असतात, पण शेतमालाच्या खोक्यात कागद ठेवले की रस सुकलेल्या पुठ्ठ्याला झुरळं आणि मुंग्या लागतात. दसऱ्याच्या आधीच्या आवराआवरीत फाइल एकदा उघडून दिवसभर पंख्याखाली ठेवली तर बरंच निभावतं.

पंचवटी, सराफबाजार, दहीपूल अशा गोदाकाठच्या भागात तळमजल्यावर राहणाऱ्यांनी पुराचाही विचार करावा. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमधले पूर सगळ्यांना आठवतात. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला आणि ज्याच्यावरून पुराची पातळी ओळखतात त्या गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागल्याची बातमी आली, की कायमची फाइल झिप लावायच्या पिशवीत घालून माळ्यावर किंवा वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे. एवढ्यासाठीच ती एका हातात उचलता येईल अशी असावी.

कागद भिजलेच तर चिकटलेली पानं ओढून सोडवू नका, इस्त्री फिरवू नका, उन्हातही टाकू नका. मधेमधे कोरे कागद किंवा सुती कापड घालून पंख्याखाली ठेवा आणि ते दर काही तासांनी बदला. वर्तमानपत्र वापरू नये, त्याची शाई उतरते.

रद्दीत काय जाऊ द्यायचं नाही

वह्यांतली कोरी पानं फाडून कच्च्या कामाची वही शिवा, पाठ्यपुस्तकं खालच्या वर्गातल्या मुलाला द्या, उरलेलं रद्दीवाल्याला. चमकीचे आणि प्लॅस्टिक लावलेले कागद घंटागाडीत, सुक्या कचऱ्यात. पण आधारच्या जुन्या झेरॉक्स, फोटो चिकटवलेले अर्ज, बँकेचा खाते क्रमांक असलेल्या पावत्या आधी बारीक फाडा. कोणाच्या तरी मुलाचा अर्ज भेळेच्या पुडीला गुंडाळलेला आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे.

दहावीच्या वर्षी

दहावीच्या जूनमध्ये कायमची फाइल एकदा पूर्ण तपासा. अकरावीचे प्रवेश ऑनलाइन होतात आणि निकालानंतर सेतू केंद्रांवर रांगा लागतात. जातीचा दाखला, वय-अधिवास प्रमाणपत्र, नॉन-क्रीमीलेअर, उत्पन्नाचा दाखला यांतलं जे लागणार असेल त्याचे अर्ज दिवाळीच्या सुट्टीत करा. राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिका डिजिलॉकरमध्येही मिळतात. छापील मूळ गुणपत्रिका हरवली तर दुय्यम प्रतीसाठी नाशिक विभागीय मंडळाकडे अर्ज करावा लागतो.

व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवरून जायचं असेल तर जात वैधता प्रमाणपत्र लागतं. त्याचा अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत करायचा. अर्ज क्रमांकाची पावती जातीच्या दाखल्यामागच्या कप्प्यात घाला, आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखला कॉलेजात जमा करण्याआधी त्याच्या पाच झेरॉक्स काढून ठेवा.